अठ्ठावन्न टक्के

केरबाचं हृदय अठ्ठावन्न टक्केच चालतंय, ही बातमी महाशिवरात्रीच्या तोंडावर घरात आली आणि तेव्हापासून त्या घरानं केरबाला जित्या माणसांत धरायचंच सोडलं. तोवर पहाटे स्वतः म्हशी पिळणारा, गोठ्यात उभ्याउभ्या दोन्ही पोरांना शिव्या घालणारा हा गडी एका आकड्यापायी सोप्यातल्या कॉटवर जाऊन पडला. दुखणं म्हणावं तर तसं मोठं नव्हतं. वैरणीची गंजी रचताना छातीत कळ आली, घाम फुटला, म्हणून पोरांनी त्याला कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवलं, साध्या गोळ्या लिहून दिल्या आणि आकडा सांगितला.

आकडा ऐकायला आत थोरला हंबीरराव एकटाच होता, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. गावच्या दूध संस्थेत फॅट काढण्यात हंबीररावाची हयात गेली होती. टक्का म्हटलं की गडमुडशिंगीत त्याचा शब्द शेवटचा. पोराचा दहावीचा निकाल असो, बियाण्याच्या उगवणीचा हिशेब असो, नाहीतर महाद्वार रोडला साडीवर किती सूट मिळाली ते असो, लोक त्याच्याकडं यायचे आणि तो बोटंसुद्धा न मोडता उत्तर द्यायचा. डॉक्टर म्हणाले, "पंपिंग अठ्ठावन्न टक्के आहे, काळजीचं कारण नाही." काळजीचं कारण नाही असं डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात, अगदी स्मशानाच्या वाटेवर असलेल्यालाही, असं धरून हंबीररावानं तेवढं सोडून दिलं. पंपिंग आणि टक्के, एवढंच घेऊन तो बाहेर आला. नदीवरच्या पाण्याच्या मोटरीचं त्याला पक्कं ठाऊक होतं. व्होल्टेज निम्म्याच्या आसपास आलं आणि मोटर तशीच रेटली, की ती जळते. बेचाळीस टक्के गेलेली मोटर चालवायची नसते, बंद ठेवायची असते. तसंच त्यानं घरात येऊन सांगितलं.

मग केरबाचा गोठा बंद झाला. माडीचा जिना बंद, मीठ बंद, आणि मटणाचं तर नावही काढायचं नाही. बयाबाईनं नवऱ्यासाठी वेगळी अळणी आमटी करायला सुरुवात केली. तालमीतली जुनी खोंडं भेटायला आली की बाहेरूनच वाटेला लावायचं ठरलं. केरबानं पहिल्यांदा हातपाय झाडून बघितले, पण टक्क्यात हंबीरराव चुकत नाही हे त्यालाही पटलेलं होतं. बापाचाच मुलावर विश्वास बसला म्हटल्यावर बाकीच्यांचं काय घेऊन बसायचं.

आणि त्याच आकड्यानं नंदिनीच्या गळ्याला फास लावला. नंदिनी म्हणजे धाकट्या गणपतरावाची लेक, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बारावीला तिला एकोणऐंशी टक्के पडले, तेव्हा केरबानं सोप्यात सगळ्यांदेखत सांगितलं होतं की पदवी हातात आल्याशिवाय या पोरीच्या लग्नाचा विषय घरात निघायचा नाही. तो शब्द कुणी मोडला नसता. पण अठ्ठावन्न टक्के आले, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत एक तरी कार्य होऊ दे, असं भावकी म्हणायला लागली. राधानगरीकडचं स्थळ आलं. भाताची, उसाची शेती, मुलगा साखर कारखान्यात कायम. त्यांची एकच अट होती, लग्नानंतर कॉलेज नाही. केरबानं कॉटवरून मान हलवली. जोतिबाची यात्रा झाली, पाहुणे सुपारी फोडायला आले, आणि ठरली ती तारीख नेमकी नंदिनीच्या पेपरांच्या मधोमध येत होती.

त्या दिवशी सोप्यात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि केरबाला कॉटवर दोन लोडांना टेकवून बसवला होता. त्याच्या शेजारी बसले पिराजीआबा, मुलाचे चुलत आजोबा. या आबांचा आवाज असा, की राधानगरीच्या पावसातही पलीकडच्या बांधावर ऐकू जावा. दोन म्हातारी शेजारी बसली की दुखण्यांची देवघेव होणारच. गुडघे झाले, मोतीबिंदू झाला, मग गाडी काळजावर आली. केरबानं खालच्या आवाजात आपला आकडा सांगितला.

"मग झोपलाय कशाला?" पिराजीआबा म्हणाले.

केरबाला वाटलं, पाहुण्याला नीट ऐकू गेलं नसावं. त्यानं आकडा पुन्हा सांगितला.

"आयकलं की. माझं साठ हाय. डाक्टर म्हणाला, आबा, काळीज पोरावानी हाय, जावा, भात लावा."

"पावणं, शंभरातलं बेचाळीस गेलंय माझं."

"कुठं गेलंय?" पिराजीआबांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. "आवो, शंभर कुणाचंच नसतंय. काळीज रगतानं भरतंय, मग दाबतंय. दाबलं की त्यातलं साठ टक्के रगात भाईर जातंय, ऱ्हायलेलं आतच असतंय. पैलवानाचं बी तसंच आणि माझं बी तसंच. मला डाक्टरनं चित्र काढून दावलंय. चाळीसच्या खाली आलं की मग भ्यायचं."

केरबानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. पाहुणा खोटं कशाला सांगेल? सुपारी फोडायला आलेला माणूस, त्याला यात काय मिळायचं होतं? आपण किती दिवस पडून आहोत, याचा तो विचार करायला लागला. मनात पहिल्यांदा राग आला तो अळणी आमटीचा. मग गोठ्याचा. आपल्या हाताशिवाय पान्हा न सोडणारी म्हैस आता हंबीररावाच्या सुनेला दूध देत होती. आणि मग एकदम त्याला पोरीला दिलेला शब्द आठवला आणि तो आकसल्यासारखा झाला.

नंदिनी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन कॉटपाशीच उभी होती. नऊवारी नेसवलेली, डोक्यावर पदर, मान खाली. पिराजीआबांचा आवाज तिच्यापर्यंत पोचायला काही अडचण नव्हती. तिनं दोन कप नीट खाली ठेवले, उरलेला ट्रे तसाच मुलाच्या बापाच्या पुढ्यात ठेवला आणि ती आत वळली. एवढ्या वेळात तिला कुणी अडवलं नाही, कारण नवरी मुलगी लाजून आत जातेय असंच सगळ्यांना वाटलं.

माजघरात हंबीरराव तांदळाच्या पोत्यावर बसून तबकात सुपारी, हळकुंडं मांडत होता. तिनं त्याला विचारलं की आज्जाला नक्की काय झालंय. त्यानं नेहमीचं सांगितलं, पंपिंग, बेचाळीस टक्के गेलेलं, मोटर. इतके दिवस हे तिनंही ऐकलं होतं, आणि शास्त्र शिकणाऱ्या पोरीनं एकदाही उलटा प्रश्न विचारला नव्हता. स्वतःवरचा तो रागही तिनं त्याच्यावरच काढला.

"काका, म्हशीच्या दुधाला सात फॅट लागली तर तुम्ही काय म्हणता?"

"झकास दूध म्हणतो. का गं?"

"त्र्याण्णव टक्के गेली म्हणून म्हैस बाजारात न्हेत नाही न्हवं? शंभर फॅटचं दूध कधी बघितलंय तुम्ही? मग आज्जाच्या काळजाला शंभर कुठनं आणलं?"

हंबीररावानं हातातलं हळकुंड तबकात ठेवलं. तिनं पिराजीआबांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. टक्का कशाचा, हा पहिला प्रश्न. तो संस्थेत येणाऱ्या प्रत्येक अडाण्याला तोच विचारायचा, आणि बापाच्या वेळी तोच विसरला होता. डॉक्टर काळजीचं कारण नाही म्हणाले होते, हे त्यानं आता कबूल केलं. आपल्याला वाटलं, म्हणतात सगळेच. नंदिनीला त्याची दया आली नाही. तिला म्हणायचं होतं की तुमच्या एका वाटण्यापायी माझं कॉलेज गेलं, पण तेवढ्यात गणपतराव आत आला. बाहेर सुपारीची वाट बघतायत, एवढा वेळ काय करताय, म्हणून तो चिडूनच आला होता. मागोमाग नंदिनीची आई, आक्काताई.

"गणपा, लई मोठी चूक झाली माझ्या हातनं," हंबीरराव म्हणाला. "आपल्या आबास्नी काय झालेलं न्हाय. अठ्ठावन्न म्हंजे चांगलं असतंय."

बाप बरा आहे हे कळल्यावर मुलगा दचकायला हवा होता, निदान खरं का खोटं एवढं तरी विचारायला हवं होतं. गणपतरावानं नुसतं दाराकडं बघितलं आणि दार लोटून घेतलं. नंदिनी बापाच्या तोंडाकडंच बघत होती.

"आण्णा, तुम्हाला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

त्याला माहीत होतं. पाडव्यानंतर तो गोळ्या आणायला कोल्हापूरला गेला होता, आणि नंदिनीचं लग्न ठरलं तर त्यात आबा उभे राहू शकतील का, असं त्यानं डॉक्टरांना सहज विचारलं होतं. डॉक्टर हसले. तुमच्या वडिलांचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे म्हणाले, आणि त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. उजळाईवाडीपर्यंत गणपतराव स्कूटरवर गाणं गुणगुणत आला होता. बाप जगणार, याचा आनंद खोटा नव्हता. पण तिथून पुढं त्याला स्थळ आठवलं. बाप बरा म्हणजे बापाचा जुना शब्दही बरा. पदवीला आणखी वर्ष, आणि राधानगरीकर वर्षभर थांबणारी माणसं नव्हती. एक पै न मागणारं, बागाईत शेतीचं, नोकरीवाल्या मुलाचं स्थळ मुडशिंगीत कुणाच्या दारात आलं होतं? त्यानं स्कूटर दारात लावली, गोळ्या आईच्या हातात दिल्या आणि गप्प बसला. आपण खोटं बोललेलो नाही, नुसतं बोललो नाही, असं तो स्वतःला समजावत आला होता. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार अक्कल लागत नाही.

हंबीरराव पोत्यावरून उठला. मघाशी मेल्याहून मेल्यासारखा झालेला माणूस आता लालबुंद झाला. या लग्नासाठी भावकीत सगळ्यांत जास्त तोंड त्यानं वाजवलं होतं, पोरीला समजावायला तोच बसला होता. आपली चूक अडाणीपणाची होती. भावानं ती ओळखली, झाकली आणि तिच्यावर मांडव घातला.

"माझी चूक मला सांगायची सोडून तू ती वापरलीस. मी गाढव ठरलो त्याचं काय न्हाय. पण तू माझ्या गाढवपणावर पोरीचा सौदा केलास," तो म्हणाला. "ही सुपारी मी भाईर न्हेणार न्हाय. तुझी तू ने."

आक्काताईनं मधे पडून आवाज खाली घ्यायला सांगितलं. तिलाही हे आताच कळत होतं आणि नवऱ्याचा तिला संताप आला होता, पण बाहेर व्याही बसले होते. आधी सुपारी फुटू दे, मग काय एकमेकांची डोकी फोडायची ती फोडा, असं तिचं म्हणणं होतं. नंदिनीनं आईकडं असं बघितलं की आक्काताईनं मान फिरवली. सकाळपासून आईनंच तिला नऊवारी नेसवली होती, वेणी घातली होती, आणि घालताना म्हणाली होती की आज्जासाठी एवढं कर. नंदिनी तेवढ्यासाठीच तयार झाली होती. आज्जाचं दुखणं नसतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

दार ढकललं गेलं आणि केरबा उंबऱ्यात उभा राहिला. महाशिवरात्रीपासून कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता तो पहिल्यांदाच इतका चालला होता. त्यानं दारापलीकडून किती ऐकलं होतं कोण जाणे, पण ऐकायचं ते ऐकलं होतं.

"हंब्याला मी काय बोलत न्हाय," तो म्हणाला. "त्यो चुकला. माझ्यासाठी रडला बी. पण तू, गणपा? मी कॉटवर पडून पोरीला दिल्याला शब्द मोडला. मरायला लागल्याला माणूस कुणाला काय अडवणार, म्हणून मोडला. त्या दिवशी रात्रभर मला झोप न्हाय. तू शेजारच्या खोलीत झोपलावतास न्हवं?"

गणपतरावानं आधी बापाची समजूत घालायचा प्रयत्न केला. स्थळाचं सांगितलं, पोरीचं भलं सांगितलं, पोरगी शिकून शेवटी चूलच फुंकणार, मग आजच चांगल्या घरात फुंकली तर काय बिघडलं, हेही सांगितलं. बाहेर कुणीतरी हाक मारली. गणपतरावाचा तोल तिथं गेला.

"भाईर दोन गावची माणसं बसल्यात, आबा. आता तुमी बरं हायसा म्हणून त्यास्नी मी परत लावू व्हय?"

बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. हंबीररावानं तोंड फिरवलं. नंदिनीला वाटलं आज्जा आता हात उगारेल, आणि तो उगारावा असंच तिला वाटत होतं. केरबानं हात उगारला नाही. त्यानं पटका डोक्यावर नीट बसवला आणि तो सोप्यात गेला. नंदिनी मागोमाग गेली. तिनं पदर डोक्यावरून खाली घेतला होता, आणि आज तिला कुणी काही म्हणालं नाही.

केरबा कॉटवर बसला नाही. तो सतरंजीच्या मधोमध हात जोडून उभा राहिला.

"पावणं, तुमास्नी घाईनं बलवलं ते मी मरायला लागलोय म्हणून. मी काय मरत न्हाय. आमच्या घरात चूक झाली आणि ती चूक माझ्याच पोटच्यानं झाकली. पोरीला मी शब्द दिलाय, पदवी झाल्याबिगर बोलणी न्हाईत. तुमी वरीसभर थांबला तर तुमचं उपकार. न्हाई थांबला तर तुमास्नी ते शोभून दिसंल, आमी काय म्हणायच्या लायकीचं न्हाय."

मुलाचा बाप उठला. त्याचाही राग खोटा म्हणता येणार नाही. सुट्टी टाकून, गाडी ठरवून, गावातल्या चार मानकऱ्यांना घेऊन माणूस आला होता. हे काय तमाशा बघायला बोलावलं होतं का, असं त्यानं विचारलं. अशा घरात वर्षभर थांबायचं तर सोडाच, या घरचं पाणीसुद्धा पुन्हा पिणार नाही म्हणाला. मुलगा मात्र खाली मान घालूनच बसला होता आणि उठतानाही त्यानं ती वर केली नाही. पिराजीआबांना काय करावं ते कळेना. आपल्याच तोंडामुळं ठरलेलं लग्न मोडलं, म्हणून पुतण्या गाडीत बसल्यावर आपल्याला सोडणार नाही हे त्यांना दिसत होतं. तरी चपला घालता घालता ते केरबाकडं वळले आणि म्हणाले, "एवढं झालं तर झालं, पण आता झोपू नकासा." मग गाडी गेली. मागं मांडलेली पानं तशीच राहिली.

आकांत म्हणावा असा त्यानंतर झाला नाही. आक्काताई खोलीत जाऊन पडली. हंबीरराव तबकातली सुपारी डब्यात भरून निघून गेला. नंदिनीनं नऊवारी सोडली, पंजाबी ड्रेस घातला आणि पुस्तकं काढली, पण तिला एक ओळ वाचता येत नव्हती. ती जिंकली होती. बाप शेजारच्या खोलीत येरझाऱ्या घालतोय हे तिला ऐकू येत होतं आणि आता आपण त्याला आण्णा म्हणून हाक कशी मारायची, हे तिला कळत नव्हतं.

शेवटी गणपतराव स्वयंपाकघरात गेला. बापाला काय सांगायचं, पोरीला काय सांगायचं, भावकीला काय सांगायचं, हे सगळं त्यानं मनाशी जुळवलं होतं. कुणीतरी एक आपल्या बाजूचं पाहिजे, आणि ते कुणी असेल तर आई, असं तो धरून चालला होता. बयाबाई दिवसभर चुलीपुढून हलली नव्हती. भांडण झालं तेव्हाही ती बाहेर आली नाही. आताही ती मसालेभाताच्या पातेल्यावर झाकण ठेवून भिंतीला टेकून बसली होती.

पाडव्यानंतर डॉक्टरांकडून कळलं ते पोरीच्या भल्यासाठीच झाकलं, असं त्यानं तिला सांगितलं. तू तरी समजून घे म्हणाला.

"पाडव्यापासनं तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"पाडव्यापासनं मी रोज त्यांच्या उशाला बसून असतोय. माझा डोळा लागला आणि तेवढ्यात ह्यांचा श्वास थांबला तर मला कळायचं न्हाय, म्हणून. नाकाखाली हात धरून बघतोय. सकाळी तू हितं च्या प्यायला यायचास. आई, डोळं का लाल झाल्यात म्हणून इचारायचास."

गणपतराव उभाच होता.

"मला तरी सांगायचं हुतंस," बयाबाई म्हणाली. "मी कुणाला सांगितलं असतं?"

ती हात टेकून उठली, नवऱ्यासाठी ताट वाढायला लागली. भात वाढला, वर तूप सोडलं, आणि दारातून बाहेर पडताना ती त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "ते बरं हायत. समदी सांगायल्यात, बरं हायत. पण मला झोप यायची न्हाय रं आता."